पाठकोऱ्या कागदावरचं तिकीट

वेस्ट मांबलम, चेन्नई
३० जून २००८

चि. रेवा,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात ते वेगळे लिहायला हवेत असं नाही.

काल अनिकेतचा फोन आला होता. अवनीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बाळंतपणाची तारीख ऑक्टोबरच्या शेवटाची आहे. तिला आई नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी दोन महिने आधी स्ट्रासबर्गला जायला हवं, हे मलाही कळतं. मी म्हटलं, "बाबांना असं टाकून मी कशी येणार रे?" यांना जानेवारीत झटका आला तेव्हापासून उजवा हात अजून उचलत नाही, बोलणंही निम्मं कळतं, निम्मं आपण समजून घ्यायचं. माझी अपेक्षा होती की पोरगा निदान दोन मिनिटं हळहळेल. त्याने श्वाससुद्धा घेतला नाही. म्हणाला, "मग मावशीला बोलावतो."

मला फार बरं वाटलं, असं मी त्याला सांगितलं. तुलाही तेच सांगते. तू सहा वर्षं त्याला सांगलीत सांभाळलंस, त्याच्या सगळ्या खोड्या तुला ठाऊक. आता त्याच्या लेकराच्याही तुलाच आधी कळतील. नशीब लागतं.

विमान तो बघतोय, मुंबई ते पॅरिस. तिथल्या विमानतळावरूनच स्ट्रासबर्गची थेट गाडी आहे, अडीच तासांची. तिचं तिकीट इंटरनेटवर काढायचं आणि आपलं आपणच छापून न्यायचं. ते काम मी करणार असं अनिकेतला बजावलंय. तो लगेच पाठवतो म्हणत होता, मी म्हटलं, तुला ऑफिस आहे, बायको आहे, मला काय आहे? विमा कंपनीत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा कंप्युटरसमोर. तू त्या सांगलीच्या सायबर कॅफेत जाऊन तुझा पासपोर्ट चारचौघांना दाखवत बसू नकोस. त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मला पाठव, जन्मतारीख नीट दिसेल अशी.

स्वेटर घे. बाकी काय घ्यायचं ते तुला मुलगाच सांगेल.

तुझी ताई
शशिकला


विश्रामबाग, सांगली
९ जुलै २००८

ती. ताईस,

नमस्कार. भाऊजींना माझा वेगळा सांग.

झेरॉक्स सोबत आहे. फोटोकडे बघू नकोस, शाळेतल्या बायकांबरोबर सिंगापूरला जायचं ठरलं होतं तेव्हाचा आहे. ते राहिलंच, पासपोर्ट तेवढा झाला. तीस वर्षं भूगोल शिकवला, काठीचं टोक ठेवून मुलांना फ्रान्स दाखवला, आणि आता त्याच टोकाखाली आपण उतरणार म्हटल्यावर रोज सकाळी नकाशा उघडून बसते. आनंदाने की भीतीने ते अजून ठरलेलं नाही.

एक गंमत सांगते. अनिकेतने परवा फोनवर विचारलं, "मावशी, खरं सांग, तुला डॉक्टरांनी प्रवास मना केलाय का?" मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला? तर विमानाच्या वेळा सांगायला लागला. माझा रक्तदाब बरा आहे गं. तरी त्याच्या समाधानासाठी जाऊन तपासून आले आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याला पाठवून दिली. एकशे वीस, ऐंशी. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही चढणीवर सायकल मारा.

तिकिटाचं तू करतेयस, मी निश्चिंत आहे. मला त्या गोष्टीतलं ओ की ठो कळत नाही.

हे लिहावं की नाही असा विचार करत होते, पण राहवत नाही. अनिकेत म्हणाला, "मावशी, तू आलीस की घर घरासारखं वाटेल." चौतिसाव्या वर्षीही तसाच आहे. तुला वाईट वाटायला नको.

तुझी
रेवा


वेस्ट मांबलम, चेन्नई
२४ जुलै २००८

चि. रेवा,

मला वाईट कशाला वाटेल? घर आहे त्याचं, कुणामुळे का होईना, वाटू दे घरासारखं.

तिकीट झालं. कसं झालं ते ऐक, म्हणजे पुढे कुणी "त्यात काय एवढं" म्हणालं तर तुला सांगता येईल. साइट सगळी फ्रेंचमध्ये. वरच्या कोपऱ्यात एक एवढासा इंग्लंडचा झेंडा होता, त्यावर टिचकी मारल्यावर ती इंग्रजीत बोलायला लागली, तेही निम्मंच. स्टेशनाचं नाव घातलं तर पॅरिसची सात स्टेशनं पुढ्यात आली. त्यातून विमानतळाचं निवडलं. तुझं विमान सकाळी उतरतं, म्हणून मध्ये तीन तास ठेवून दुपारची गाडी धरली. तुझा चालण्याचा वेग मला माहीत आहे.

साठ वर्षांवरच्यांना तिथे सवलत असते. तुला चार महिने कमी पडले. मला मिळाली असती.

मिसेस की मिस असं विचारत होते. मिस केलं. तेव्हा तिकिटावर तू कुमारी आहेस, तोऱ्यात बस.

आता खरी गोष्ट. प्रवाशाचं नाव घालायच्या चौकटीत मी शशिकला असं टाइप केलं. हात सवयीने गेला. आडनाव घातलं, जन्मसाल घातलं, आणि मग लक्षात आलं. पुसायला हवं होतं. मी पुसलं नाही, बघत बसले. विमानतळ ते स्ट्रासबर्ग, वीस ऑगस्ट, खिडकीची जागा, शशिकला. कोपऱ्यात मिनिटं उलटी मोजली जात होती, ती संपली आणि पान आपोआप कोरं झालं. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, आणि या वेळी तुझं नाव घातलं. मध्येच वीज गेली, तेव्हा तिसऱ्यांदा केलं. वसंता यांच्याजवळ बसली होती म्हणून निभावलं. वसंता म्हणजे शेजारची, तंजावरची. तिचं मराठी आपल्या पणजीच्या वेळचं आहे, पण मनाने फार चांगली.

जायचं आणि यायचं अशी दोन पानं घरच्याच प्रिंटरवर काढली. छापून झाल्यावर खालची बारीक सूचना वाचली. म्हणे कागद दोन्ही बाजूंनी कोरा हवा आणि घडी घालू नये. आपल्याकडे कोरे कागद तिकिटं छापायला असतात का? मी सगळं पाठकोऱ्यावरच काढते. ऑफिसचे जुने तक्ते, गॅसवाल्याच्या नोटिसा, माझ्या स्वतःच्या ईमेल. ईमेल मी छापून ठेवते, कागदावर उतरल्याशिवाय मला काही पाठवल्यासारखं वाटत नाही. फाइलमधून वर्षा-सहा महिन्यांनी काढायचे ते कागद, पण यंदा पाठकोऱ्यांचा तुटवडा होता म्हणून गठ्ठाच्या गठ्ठा प्रिंटरला लावला. मागे काय का असेना, पुढचा तो चौकोनी ठिपक्यांचा शिक्का स्वच्छ आलाय. शाईही संपत आलीय, दुसऱ्यांदा फिकट आलं असतं. पारदर्शक पिशवीत घालून कुरिअरने पाठवतेय. घडी मात्र घालू नकोस.

रक्तदाबाचं काही मनावर घेऊ नकोस. तो आधीपासूनच काळजीखोर.

ताई


स्ट्रासबर्ग
२४ ऑगस्ट २००८

ताई,

सुखरूप पोचले. अवनी बरी आहे, चेहरा थोडा सुजलाय. अनिकेत स्टेशनवर फुलं घेऊन उभा होता.

आता तुझ्या तिकिटाबद्दल. गाडी सुटल्यावर अर्ध्या तासाने तपासायला एक बाई आल्या. यंत्र टेकवलं, ते वाजलं, सगळं ठीक. मग त्यांनी कागद उलटा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. खालच्या सूचनेवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? मी तोवर मागची बाजू पाहिलीच नव्हती. तू सांगितलंस घडी घालू नको, मी पिशवीतूनसुद्धा काढलं नव्हतं. मराठी अक्षरं आणि वर तुझं नाव दिसलं, तेव्हा म्हटलं, माझ्या बहिणीचं पत्र आहे. त्या हसल्या, कागद परत दिला आणि पुढे गेल्या.

मग मी ते वाचलं. तुझं तुला आठवत असेल, तरी उतरवून देते.

"चि. अनिकेत, मावशीला बोलावण्याआधी हे वाच. ती तुला सांगणार नाही, पण तिचा रक्तदाब फार वाढलेला असतो आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास मना केला आहे. तिला तिथे काही झालं तर तू अवनीला बघशील की तिला? शिवाय तिने कधी मूल जन्माला घातलेलं नाही, बाळंतिणीचं तिला काय कळणार? थोडा थांब. बाबा सुधारतील. मी येईन. आई मी आहे."

तारीख तीस जून. त्याच दिवशी तू मला "फार बरं वाटलं" असं लिहिलंस.

बाहेर शेतं पळत होती. जन्मभर मुलांना शिकवलेला देश पहिल्यांदा खिडकीत आला होता आणि मी तुझा कागद वाचत बसले. रक्तदाबाचं मला हसू आलं असतं. पण "काय कळणार" या शब्दांनी मला आत कुठेतरी चिरलं. गोवरात अकरा दिवस तो माझ्या मांडीवर होता. तेव्हा तुला विचारलं नव्हतं कुणी, हिला काय कळणार म्हणून.

अनिकेतला मी दाखवलेलं नाही. त्याने तुझ्या ईमेलबद्दल मला सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. कागद माझ्या पर्समध्ये आहे.

पण ताई, मी चार दिवस रागावून घेतलं आणि आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाही तर मी या घरात जेवू शकणार नाही. भाऊजींचा कारखाना बंद पडला, तू नोकरी धरलीस आणि अनिकेतला दोन वर्षांसाठी माझ्याकडे ठेवलंस. दोन वर्षं संपताना, एक्क्याऐंशी साली, तू मला लिहिलंस, "आता आमचं बरं चाललंय. त्याला यायचंय का ते त्याला विचार, घाई करू नकोस, पण विचार." आणि मी तुला कळवलं की त्याला इथेच राहायचंय.

मी त्याला विचारलंच नव्हतं.

विचारलं असतं तर तो तुझ्याकडे पळत गेला असता. तापात तो आईच म्हणायचा, पाण्याच्या पट्ट्या मी ठेवत असले तरी. प्रत्येक वेळी मला तुझा हेवा वाटायचा. एवढा, की तू गावात नसूनही तुझ्याशी भांडावंसं वाटायचं. दोन वर्षांची सहा मी केली.

आणखी एक. यंदा त्याचा फोन आला तेव्हा पहिल्या मिनिटालाच मनात आलं होतं की मी चेन्नईला येऊन भाऊजींजवळ राहू शकते आणि ताई जाऊ शकते. तो विचार मी कुणाला बोलले नाही.

आता बोलते. मी अनिकेतला सांगून परतीचं बदलून घेतलंय. नऊ ऑक्टोबरला चेन्नईला उतरते. तुझा व्हिसा आणि तिकीट बघ.

रेवा


वेस्ट मांबलम, चेन्नई
६ सप्टेंबर २००८

रेवा,

तो कागद मी मुद्दाम घातला नाही. तेवढी अक्कल मला नाही, असती तर आधीच वापरली असती.

जे लिहिलं ते लिहिलं. त्यातलं रक्तदाबाचं खोटं होतं, आणि बाळंतिणीचं वाक्य दुष्टपणाचं होतं. तुला दुखावण्यासाठी नव्हतं, तू ते वाचशील असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने तुला बोलावू नये, एवढंच हवं होतं. मला तुझा हेवा वाटला, वाटतो, आणि तो कमी व्हावा म्हणून मी काही करत नाहीये. हे एकदा लिहून टाकते.

पण माझ्या दोन ओळींवर त्याने विश्वास ठेवला नाही. तुझ्या एका ओळीवर मी ठेवला. माझ्या पोराला मी नको आहे असं समजून मी चार वर्षं शनिवारीसुद्धा ऑफिसला जात होते. घरी बसून करायचं काय? दिवाळीत त्याला भेटायला आले की तो दाराआडून बघायचा. मला वाटायचं नकोशी झाले म्हणून, आणि मी दोन दिवसांत परत फिरायचे. विचारलं नाही मीही, तेवढं माझंही चुकलं. पण आधी तुझं.

तू मला तुझी जागा देतेयस असं समजू नकोस. ती तुझी नव्हतीच. पण मी घेणार आहे.

व्हिसाच्या कचेरीत कागद दिलेत. बारा ऑक्टोबरचं विमान मिळतंय. गाडीचं तिकीट काल काढलं, सवलतीचं. कोऱ्या कागदाची थप्पी विकत आणली.

यांना सांगितलं रेवा येतेय. डाव्या हाताने उशी सारखी केली, म्हणजे पसंत आहे.

शशिकला


वेस्ट मांबलम, चेन्नई
१८ ऑक्टोबर २००८

ती. ताई,

तू पोचल्याचा फोन झालाच. अवनीला दम लागतो म्हणाली होतीस, आता बरं आहे ना?

भाऊजी ठीक आहेत. व्यायाम करून घेणारा येतो तेव्हा त्याला तामिळमध्ये शिव्या देतात, त्या मात्र अगदी स्पष्ट उमटतात. वसंता रोज काहीतरी घेऊन येते आणि मला अक्का म्हणते. तिच्या रसममध्ये इतकी मिरी असते की भाऊजींच्या डोळ्यांत पाणी येतं, पण वाडगा सोडत नाहीत.

लपवून ठेवायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून सांगते. काल सकाळी त्यांचं तोंड पुसत होते तर मला "शशी" म्हणाले. दोनदा. मी चूक दाखवली नाही, "हो" म्हटलं. मग दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात वावरताना चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं. एकसष्टीला आले मी जवळजवळ, अजून कुणाच्या तरी नावाने हाक मारून घेतेय.

तिकडचं कळव. बाळ झालं की लगेच.

रेवा


स्ट्रासबर्ग
२५ ऑक्टोबर २००८

चि. रेवा,

एकोणसाठ वर्षांच्या बाईने स्वतःला एकसष्टी लावून घेऊ नये. आणि यांना "हो" म्हटलंस ते ठीक केलंस. वाचून माझा जीव जळला, पण ठीक केलंस.

परवा दुपारचं सगळं तुला फोनवर कळलंय. माझ्या बाजूने कसं झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

मी बाहेर बाकावर बसले होते, सकाळी आठपासून. आत घरच्यांना येऊ देतात, पण अवनी म्हणाली, आई, फक्त अनिकेत असू दे, आणि तिचं बरोबर होतं. सव्वातीनला दार उघडलं. हिरवा अंगरखा घातलेला अनिकेत बाहेर आला. मी उठून उभी राहिले. त्याच्या कानाला मोबाइल होता. माझ्याकडे बघून त्याने हात वर केला, एक मिनिट म्हणून, आणि खिडकीकडे वळला. चार पावलांवर होते मी. तो म्हणाला, "मावशी, मुलगी झाली."

तू म्हणशील, त्याने घरी फोन लावला, बाबांना सांगायला, आणि उचलणारी तू होतीस. तसं असेलही. मी त्याला विचारलं नाही. तो खरं सांगेल, म्हणून विचारलं नाही.

हजारो मैल आले, सतरा कागदांवर सह्या केल्या, सात तास त्या लाकडी बाकावर बसले, आणि बातमी मला तुझ्या नावाने ऐकायला मिळाली. मी परत खाली बसले. एवढा राग आला की रडूसुद्धा येईना.

मग नर्स बाहेर आली. बाळ गुंडाळलेलं होतं. अनिकेतने एक हात पुढे केला, पण दुसऱ्यात मोबाइल होता. तो तुझ्याशी बोलतच होता. म्हणाला, "आई, तू घे." मी घेतलं. अवनी सोडली तर तिला सगळ्यांत आधी मी घेतलं, बापाच्याही आधी. जड आहे पोरगी. डोळे मिटलेले आणि कपाळावर आठी, कुणी अजून काही केलेलं नसताना.

म्हणजे बातमी आधी तुला आणि बाळ आधी मला. तू तुझ्या भल्या स्वभावाने म्हणशील की चला, बरोबरी झाली. मी म्हणणार नाही. मला दोन्ही हवं होतं.

मी वीस नोव्हेंबरला परत येते. तोवर सांगलीला पळून जाऊ नकोस. मी निघण्याआधीचे ते तीन दिवस आपण शेवग्याच्या शेंगा मोडत, यांची औषधं समजावून घेत बसलो आणि त्या एक्क्याऐंशीच्या पत्राबद्दल एक अक्षर बोललो नाही. मला तुझ्याशी समोरासमोर भांडायचंय. मी मोठी आहे, आधी मी ओरडेन.

मग तू.

ताई